शेपटीचं वंगण

आश्विन लागला की मला राग येतो.

लोकांना या महिन्यात बरं वाटतं. पावसाळाभर कोंदटलेल्या गोधड्या उन्हात पडतात, भिंतींची ओल मागे हटते, सावित्रीचं गढूळ पाणी निवळून तळाचे गोटे दिसायला लागतात. आंबेनळी घाटाच्या बाजूला डोंगर सोनकीनं पिवळे होतात. खालच्या खाचरांत लवकर तयार होणारं हळवं भात कापणीला येतं आणि सकाळी दार उघडलं की पिकल्या भाताचा वास सरळ माजघरापर्यंत येतो. मलाही हे सगळं आवडतं, मी काही दगड नाही. पण बाजारात झेंडूचे पहिले भारे उतरले की त्या वासामागून दुसरा एक वास माझ्या नाकात येतो, जळक्या एरंडेलाचा, आणि माझं डोकं फिरतं. मग मी दिवसभर कोणाशी ना कोणाशी भांडत राहते. घरच्यांना आता सवय झाली आहे. नवरा म्हणतो, हिचं नवरात्र बसलं.

एरंडेलाचा वास हेलिकॉप्टरचा. हो, हेलिकॉप्टरचाच, आणि तेही पोलादपुरात. माणसं बसतात ते नव्हे, हातभर लांबीपेक्षा थोडं मोठं, छोट्या इंजिनावर चालणारं, हातातल्या डब्याच्या दोन दांड्यांनी उडवायचं. त्याच्या इंधनात एरंडेल मिसळलेलं असे आणि ते जळलं की ज्या औषधाला लहानपणी आम्ही नाक दाबून तोंड उघडायचो त्याचाच वास, पण तापलेला, सगळ्या खाचरावर पसरे. मोबाईल तेव्हा नुकते कुठे महाडपर्यंत पोचले होते. आमच्याकडे रेंज शोधायला लोक घाटाच्या वळणावर जाऊन उभे राहत. अशा वेळी आमच्या घरात एक उडणारं यंत्र होतं, आणि त्याची शेपूट माझ्या ताब्यात होती.

आमचा मामा बोटीवर नोकरीला. त्या वर्षी गणपतीला आला तो एक मोठं खोकं घेऊनच. 'विनूसाठी आणलंय,' म्हणाला. विनू म्हणजे माझा थोरला भाऊ, तेव्हा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला. माझ्यासाठी मामानं ड्रेसचं कापड आणलं होतं, आकाशी रंगाचं, त्यावर बारीक फुलं. ते कापड मी अजून शिवलेलं नाही. आईनं अनेकदा विचारलं, मी प्रत्येक वेळी शिंपी चांगला नाही असं सांगितलं.

मी त्या जूनमध्ये दहावी झाले होते. मार्क चांगले होते, विनूपेक्षा तर नक्कीच चांगले. मला डिप्लोमाला जायचं होतं, मेकॅनिकलला. वडील, म्हणजे आमचे आण्णा, तेव्हा म्हणाले, आत्ता महाडला अकरावीत जा, पुढचं पुढच्या वर्षी बघू. आमची भाताची गिरणी. मी भात सडणाऱ्या हलरच्या घरघरीत वाढले. पट्टा ढिला पडला की त्याचा फटफट आवाज बदलतो हे मला अक्षरओळखीच्या आधी कळत होतं. ग्रीसची पिचकारी हातात धरता यायला लागली तेव्हापासून बेअरिंगांना ग्रीस मीच भरत होते. पण ते घरकाम. भांडी घासण्यासारखं. मुलगी भांडी छान घासते म्हणून तिला कोणी भांड्यांच्या कारखान्यात पाठवत नाही, असं आण्णांचं म्हणणं नसेलही, पण वागणं तसंच होतं.

खोकं उघडलं तेव्हा विनूला सगळ्यात आधी वरची लांब पाती दिसली. कोणालाही तीच दिसतात. मला शेवटी, तळाशी, तेलकट कागदात गुंडाळलेला शेपटीचा गिअरबॉक्स दिसला. मोठ्या सुपारीएवढा. त्यात दोन दातेरी चाकं, तिरक्या दातांची, एकमेकांना काटकोनात लागलेली. इंजिनाकडून लांब नळीतून एक सळई येते, ती एक चाक फिरवते, ते दुसऱ्याला फिरवतं आणि त्या दुसऱ्याच्या दांडीवर शेपटीची चिमुकली पाती. त्या दांडीवर एक पितळी कडी. ती पुढेमागे सरकली की पात्यांचा कल बदलतो आणि यंत्राचं तोंड डावीउजवीकडे वळतं. वरचं मोठं पातं एका बाजूला फिरतं तेव्हा खालचा सगळा सांगाडा उलट्या बाजूला फिरायला बघतो. त्याला सरळ धरून ठेवते ती शेपूट. ती कडी अडकली तर उडवणाऱ्यानं दांड्या कितीही हलवाव्यात, काही उपयोग नाही.

यावर कोणीतरी लगेच म्हणेल, वा, घरातल्या बाईसारखंच की, दिसत नाही पण सगळं सरळ धरते. एका हळदीकुंकवाच्या भाषणात मी हे सांगितलं तेव्हा अध्यक्षबाईंनी नेमकं तेच म्हटलं आणि टाळ्या पडल्या. मला उपमा नको आहे. मला तेव्हा प्रवेश हवा होता.

तर विनू कॉलेजच्या गावी, शनिवारी यायचा, रविवारी उडवायचा. उडवून झालं की यंत्र तसंच पडवीत. इंजिनातून उडालेल्या एरंडेलाचा थर सगळ्या नळीवर आणि शेपटीवर बसलेला, त्यावर खाचरातली माती, भाताची कुसळं. पुढचा आठवडाभर ते माझं. आधी जुन्या साडीच्या फडक्यानं पुसायचं. मग गिअरबॉक्सचे स्क्रू काढून त्याचे दोन भाग अलगद वेगळे करायचे आणि चाकं रॉकेलात बुडवून जुन्या टूथब्रशनं दातादातातून घासायची. बेअरिंग बोटावर घेऊन फिरवून बघायचं. चांगलं असेल तर काही लागत नाही, खराब व्हायला लागलं की बोटाला खरखर कळते, कानाला त्याच्या खूप नंतर. मग काडेपेटीतल्या काडीच्या टोकावर ग्रीस घ्यायचं, मोहरीएवढं, आणि दातांवर पसरायचं. इथे सगळे चुकतात. गिरणीत वाढलेला माणूस तर हमखास चुकतो, कारण गिरणीत ग्रीस बाहेर ओसंडेपर्यंत भरतात. इथे जास्त भरलं की ते फिरताना बाहेर फेकलं जातं, त्यावर धूळ बसते आणि त्याची सहाणेवर उगाळल्यासारखी पेस्ट होते. दांडीवर तर ग्रीस नाहीच. तिथे आईच्या शिलाई मशीनचं तेल, एक थेंब, तोही पुसून घेतलेला. मग कडी बोटानं सरकवून बघायची. ती स्वतःच्या वजनानं खाली घसरली पाहिजे.

मामानं आणलेल्या पुस्तकात हे सगळं चित्रांतून होतं. पुस्तक इंग्रजी आणि जपानी, आणि मला त्यातलं जपानी जेवढं कळत होतं तेवढंच जवळजवळ इंग्रजी. पण चित्रं स्वच्छ होती. चित्रातल्या हातांना नेलपॉलिश नव्हतं, मिशाही नव्हत्या. नुसते हात होते. मला ते पुस्तक फार आवडायचं.

भाद्रपद सरत होता तेव्हाची एक दुपार मला लख्ख आठवते. गिरणीत गिऱ्हाईक नव्हतं. मी पायरीवर बसून चाकांतलं अंतर लावत होते. सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद दोन दातांत धरायचा, चाकं भिडवायची, स्क्रू आवळायचे, कागद ओढून काढायचा. तेवढी फट बरोबर. आण्णा वजनकाट्यापाशी पेपर वाचत होते, ते उठून आले आणि माझ्या खांद्यावरून बघत राहिले. बराच वेळ. पितळी कडी घसरली, 'टिक्' झालं.

"हे कुणी शिकवलं?" त्यांनी विचारलं.

"पुस्तकात चित्रं आहेत."

ते पुन्हा काट्याकडे गेले. पेपर उचलला. मग पेपराआडून म्हणाले, "नंदे, हे यंत्र दिवाळीपर्यंत एकदाही बंद पडलं नाही तर पुढच्या वर्षी तुला डिप्लोमाला घालतो."

हे शब्द आहेत तसे लिहिले आहेत. त्यात 'बघू' नव्हतं. आण्णांच्या बोलण्यात 'बघू' नाही असं क्वचितच व्हायचं, त्यामुळे मी ते वाक्य महाडला जाता येता एसटीत मनात घोळवत असे. बाहेर भातं पिवळी पडत होती, पोपटांचे थवे कणसांवर उतरत होते, त्यांना हाकलायला बांधावर डबे वाजत होते, आणि मला वाटायचं हे सगळं माझ्यासाठीच पिकत आहे. दिवाळी आली की माझंही काम झालं. त्या पंधरा दिवसांत माझ्याइतकं सुखी कोणी पोलादपूर तालुक्यात नसेल. म्हणूनच तर इतका राग येतो. मुळात दुःखीच असते तर एवढा आला नसता.

आता आमच्या गिरणीतल्या खंडेनवमीबद्दल सांगते. मी देव मानते, सण मला आवडतात, झेंडूची तोरणं मी आजही स्वतः ओवते. हे आधी सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर लोक मला भलत्याच पंगतीत बसवतात. नवमीला गिरणी धुऊन पुसून काढायची. मग आण्णा सोवळं नेसून ताम्हण घेऊन यायचे. आमच्या आजोबांची एक शिकवण होती, 'जिथं फिरतं तिथं देव.' त्यामुळे आमच्याकडे कुंकू यंत्राच्या अंगावर लावत नाहीत, फिरण्याच्या जागी लावतात. बोट खोबरेल तेलात बुडवायचं, मग हळदीत, मग कुंकवात, आणि जिथून दांडी बाहेर येते तिथे दाबून लावायचं. हलरच्या बेअरिंगला, मोटारीच्या दांडीला, कप्पीला, वजनकाट्याच्या खिळ्याला, सायकलच्या आसाला, आईच्या शिलाई मशीनला. गिरणीची बेअरिंगं मुठीएवढी, झाकलेली. त्यांना त्यानं काही होत नसे. झालंच तर तक्रार करायला त्यांना तोंड नव्हतं.

आणि दुसरा नियम असा, की एकदा पूजा झाली की दसऱ्याला सोनं लुटेपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही.

त्या वर्षी हेलिकॉप्टरही पूजेत मांडलं. विनूनं दसऱ्याच्या संध्याकाळी, सोनं वाटून झाल्यावर, गावासमोर ते उडवायचं असं ठरलं होतं. आण्णांनी चार ठिकाणी सांगितलंही होतं. पूजा चालू होती तेव्हा मी स्वयंपाकघरात नैवेद्याच्या पुऱ्या तळत होते. नंतर आरतीला गेले तेव्हा लांबून पाहिलं, पडवीच्या कोपऱ्यात पाटावर ते ठेवलेलं, नाकावर झेंडू, मोठ्या पात्यावर हार. फार देखणं दिसत होतं. आदल्याच दिवशी मी शेपूट उघडून, पुसून, वंगण करून ठेवली होती. कडी घसरत होती.

दसऱ्याच्या दुपारी मी आण्णांना विचारलं, "उडवायच्या आधी एकदा कडी सरकवून बघते. बोटानंच."

"सोनं लुटेपर्यंत हात लावायचा नाही," ते म्हणाले.

"दर वेळी बघावंच लागतं. पुस्तकात पण तसंच लिहिलंय."

"पुस्तकाला दसरा नसतो नंदे."

संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली. मी घरात मोठ्यांच्या पाया पडत होते तेवढ्यात विनूनं यंत्र उचललं आणि गिरणीमागच्या कापलेल्या खाचरात नेलं. मी माझा हत्यारांचा डबा घेऊन धावत गेले. बाजारातली माणसं होती, वाड्यावस्त्यांवरून सोनं द्यायला उतरलेली माणसं होती. मी विनूला म्हटलं, दादा थांब, कडी बघू दे. तो म्हणाला, आता वेळ नाही. आण्णा म्हणाले, "मध्ये मध्ये करू नको, माणसं जमलीत." माझ्या हातात टूथब्रश होता हे कोणीतरी पाहिलं आणि हसलं.

ते उठलं. आधी छान, गुडघ्याएवढं, मग डोक्यावर. माणसांनी तोंडं वर केली. विनूनं ते पुढे नेलं आणि तोंड वळवायला दांडी हलवली, ते वळलं, आणि वळतच राहिलं. भोवऱ्यासारखं स्वतःभोवती गरगरायला लागलं. विनू दांड्या घुसळत होता. तिरपं होत ते शेजारच्यांच्या उभ्या भातात शिरलं, पाती तुटल्याचा कडकड आवाज आला, कापलेल्या लोंब्या वर उडाल्या आणि मग नुसता एरंडेलाचा धूर राहिला. कोणाला लागलं नाही, हे नशीब.

विनूनं वळून सगळ्यांना सांगितलं, "शेपूट अडकली." आणि मग म्हणाला, "शेपटीचं काम हिच्याकडे होतं."

वाक्यात खोटं काही नाही. म्हणूनच ते मला आजही पचलेलं नाही. खोटं बोलला असता तर मी त्याला खोटारडा म्हणून मोकळी झाले असते. उडवण्यापूर्वी हातातल्या डब्याची दांडी हलवून शेपूट हलते का हे बघायचं काम उडवणाऱ्याचं, ते त्यानं केलं नव्हतं, पण ते कोणी विचारलं नाही. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे तर अंगणाला नावही होतं आणि ते तिथेच उभं होतं. कोणीतरी म्हणालं, वंगण नसेल घातलं. कोणीतरी म्हणालं, पोरींचं ते काम नव्हेच. आण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "कुणी हात लावला होता का गो तुझ्यानंतर?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी म्हटलं. "माझ्यानंतर कुणीच हात लावला नाही."

मी हे खरंच मनापासून सांगितलं. आण्णांनीही ते मनापासून ऐकलं. तिथे जमलेल्या कोणालाही, मलासुद्धा, पूजा म्हणजे हात लावणं असं वाटलं नाही. आमच्यात पूजेचा हात मोजत नाहीत.

दुसऱ्या दिवशी गिरणी सुरू झाली. मी पायरीवर बसून मोडकी शेपूट उघडली. कडी जागच्या जागी चिकटली होती. दांडीवर, कडीच्या आत, आणि तिथून बेअरिंगपर्यंत लाल पिवळा लगदा. तेल, हळद, कुंकू. माझ्या ग्रीसमध्ये कालवलेलं. एकाच बोटाचं, दाबून, मनापासून लावलेलं. जिथं फिरतं तिथं.

मला रडू आलं. दुःखाचं नाही, रागाचं. ते जास्त गरम असतं.

डोंगरावरच्या वाडीतली सोनाबाई भात घेऊन आली होती. म्हशी पाळायची, मुलगा मुंबईला, आठवड्यातून एकदा डोक्यावर भारा घेऊन गिरणीत उतरायची. ती आपला नंबर येईपर्यंत माझ्याशेजारी बसली.

"काय गो बाय, रडतेस कशाला?"

मी तळहातावर दांडी धरून दाखवली.

"कुंकू हाय की गो."

"यानंच अडकलं ते."

तिनं दांडी हातात घेतली, उलटी सुलटी केली, पुन्हा माझ्या हातात ठेवली. "मी पण म्हशीला लावते दसऱ्याला. कपाळाला लावते. डोळ्यात नाय भरीत."

आण्णा काट्यापाशी होते. गिरणी चालू होती तरी त्यांनी ते ऐकलं, कारण ते म्हणाले, "सोनाबाय, तुझं भात झालं. उचल." तिचं भात अजून हलरमध्ये पडलंसुद्धा नव्हतं.

जेवताना मी ती दांडी ताटाशेजारी ठेवली. "आण्णा, हे बघा. कुंकू आहे."

त्यांनी बघितलं. घास खाल्ला. म्हणाले, "देवाचं कुंकू आहे ते. त्यानं कधी कुणाचं वाईट होत नाही."

"पण कडी अडकली त्यानंच."

"वंगण जास्त झालं असेल तुझं. त्यात ते मिसळलं."

आई म्हणाली, "जाऊ दे ना नंदा. सणासुदीचं." आईच्या शब्दकोशात सण कधी संपतच नसत. पुढच्या शनिवारी विनू आला, त्याला दाखवलं. त्यानं ओठ चावला, त्याला लगेच कळलं हे मला दिसलं. मग म्हणाला, "आता काय उपयोग? उगाच आण्णांना दुखवू नको." म्हणजे दुखायचं कोणी, हे ठरलेलंच होतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरही नव्हता. एक भाविक माणूस होता, त्याच्या बोटाला कुंकू होतं आणि त्याला चूक म्हणायची कोणाची छाती नव्हती.

दिवाळी झाली. जून आला. डिप्लोमाचे फॉर्म निघाले. मी विचारलं तेव्हा आण्णा म्हणाले, "आपलं काय ठरलं होतं?" मी बारावीनंतर महाडलाच बी.ए. केलं. इतिहास घेऊन. इतिहासानं माझं काही वाकडं केलेलं नाही, पण मी त्याला बोलावलं नव्हतं.

आणि आता खरी गंमत. विनू पुण्याला कंपनीत लागला, तिथेच फ्लॅट घेतला. त्याला गिरणीचा कोंडा सोसत नाही, शिंका येतात. माझं लग्न महाडात झालं. आण्णांचे गुडघे गेले, काट्यापाशी उभं राहवेना, तेव्हा गिरणी विकायची का चालवायची असा प्रश्न पडला. मी म्हटलं, मी चालवते. कोणी 'पोरींचं काम नव्हे' म्हणालं नाही. का म्हणतील? आता दुसरं कोणी नव्हतं. यंत्र बायकांना कळतं की नाही हे ते यंत्र फुकट सांभाळायचं आहे की त्यासाठी कॉलेजात जायचं आहे यावर ठरतं, हे मला तेव्हा समजलं. पट्टे विकणारा माणूस येतो, माझे हात ग्रीसनं कोपरापर्यंत काळे असतात, आणि तो मला विचारतो, "ताई, मालक कधी येतील?" मी त्याला सांगते, मालक पुण्याला गेलेत, शिंका द्यायला. तो हसत नाही. लिहून घेतो.

परवा महाडला एका लग्नात फोटोवाल्यानं ते चार पंख्यांचं ड्रोन उडवलं. वधूवरांच्या डोक्यावर घिरट्या घालत होतं. मी सवयीनं शेपूट शोधली. शेपूटच नाही. फोटोवाला म्हणाला, ताई याला गिअर नाही, वंगण नाही, काहीच करावं लागत नाही. बायका कौतुकानं बघत होत्या. मी मठ्ठ्याचा पेला घेऊन बाजूला जाऊन उभी राहिले. एवढं साधं होतं तर आधीच करायचं होतं, असं काहीतरी मनात आलं आणि मी उगाचच त्या फोटोवाल्यावर चिडले. घरी येताना गाडीत नवऱ्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, मठ्ठा आंबट होता.

ती दांडी माझ्याकडे अजून आहे. गिरणीच्या खणात, बिस्किटाच्या डब्यात, बेअरिंगांच्या जुन्या गोळ्यांबरोबर. तेल केव्हाच वाळलं, कुंकू काळपट पडलं आहे, कडी अजूनही तिथेच चिकटलेली. रॉकेलात टाकली तर क्षणात सुटेल. मी टाकत नाही. तेवढा एकच पुरावा आहे माझ्याकडे आणि तो साफ करायला मी काही वेडी नाही.

गिरणी हातात आल्यापासून दर नवमीला असं चालतं. आण्णा काठी टेकत येतात, सोवळं नेसतात, ताम्हण घेतात, आणि आपल्या बापाच्या शिकवणीप्रमाणे फिरत्या जागांना कुंकू लावतात. मी मागे उभी राहून घंटा वाजवते. दसरा झाला की कुंकू रॉकेलाच्या फडक्यानं पुसून काढते, कोणाला न सांगता. त्यांना माहीत आहे. मला माहीत आहे की त्यांना माहीत आहे. त्या जूननंतर शेपटीचा विषय आमच्या घरात निघालेला नाही. घर चांगलं आहे आमचं, सगळे एकमेकांच्या भावना सांभाळतात. माझ्या सोडून.

या वर्षी मी गिरणी धुतली, पट्टे उतरवून ठेवले, तोरण बांधलं. बाहेर ऊन तापलं होतं, रस्त्यावरून घाटाकडे जाणाऱ्या गाड्यांचे हॉर्न, कोणाच्या तरी अंगणात नव्या भाताची झोडणी, त्याचा धपधप आवाज. आण्णा आले. बोट तेलात बुडवलं, हळदीत, कुंकवात. हलरपाशी आले. बेअरिंगसमोर हात नेला. मी घंटा वाजवायला लागले. हात तिथेच थांबला. मला वाटलं गुडघा दुखला. मी पुढे झाले.

त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, "नंदे, कुठं लावू?"

घंटा माझ्या हातात तशीच राहिली. इतकी वर्षं मी या प्रश्नाच्या उत्तराची भाषणं करून ठेवली होती. आंघोळ करताना, एसटीत, पोळ्या लाटताना. त्यातलं एकही आठवेना. मी म्हटलं, "कपाळाला."

हलरच्या कपाळाला, वरच्या बाजूला, बनवणाऱ्याच्या नावाची पितळी पाटी आहे. त्यांनी टाचा उंचावून तिथे बोट टेकवलं. मोटारीला अंगावर लावलं. कप्पीच्या काठाला लावलं, आसाला नाही. मग ताम्हण खाली ठेवून खुर्चीत बसले आणि धोतराच्या टोकाला बोट पुसत राहिले.

राग गेला का? नाही गेला. एका प्रश्नानं डिप्लोमा मिळत नाही, आणि सोळाव्या वर्षीचं खाचर पुन्हा कापणीला येत नाही. त्यांना ते कळत होतं असं मला त्यांच्या मानेवरून वाटलं, पण मान काही सही करून देत नाही.

आरती झाली. झेंडू वाहिला. मग मी पूजा झालेल्या हलरपाशी गेले, पदर खोचला, आणि सोनं लुटायला अख्खा दिवस बाकी असताना, त्यांच्यादेखत, दांडीला हात घालून बेअरिंग बोटानं फिरवून बघितलं. खरखर नव्हती. स्वच्छ फिरत होतं.

आण्णा बघत होते. काही बोलले नाहीत. एवढंच न बोलणं त्यांना त्या दसऱ्याच्या दुपारी जमलं असतं, तर माझं काम झालं असतं.